वहिनी गाडी लावतेय

वडीलधाऱ्या, गुडघ्यांनी बेजार आणि तरीही कोणाचं न ऐकता दिवसातून दहा वेळा जिना चढणाऱ्या आमच्या वहिनींना त्यांच्या एकुलत्या एक नणंदेचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात कालपासून मला डाव्या अंगाने नीट वाकता येत नाही, पण ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? उजवा गुडघा जास्त दुखतो की डावा, हे मागे तुम्ही सांगितलं होतं आणि मी विसरले, तेव्हा दोघांचीही चौकशी केली असं समजावं. भाचेराव वजन कमी करणार होते त्याचं काय झालं? मागच्या वर्षी त्याची पँट मी कमरेत दोन इंच सोडली. आता शिवणीत सोडायला कापड उरलेलं नाही, हे त्याला निक्षून सांगावं. सूनबाईंना आशीर्वाद. नातवाचा गालगुच्चा घ्यावा. तो आता चार वर्षांचा झाला असेल, म्हणजे तुला इथून जाऊन चार वर्षं झाली. बघ, अहो-जाहो पहिल्याच परिच्छेदात संपलं. तुला एवढा वेळ मान देणं मला पहिल्यापासून जमलेलं नाही.

आता तू म्हणशील, फोन जवळ असताना हिला कागद काळे करायचं काय सुचलं? तर तुझ्या घरी फोन उचलला की तू तो ओट्यावर उभा करतेस आणि सगळ्या घराला ऐकवतेस. मागच्या खेपेला मी तुला माझ्या पोटाबद्दल जरा नाजूक काही सांगत होते, तर मधेच तुझ्या मुलाने 'आत्या, पपई खा' म्हणून सल्ला दिला. आज जे सांगायचं आहे त्यावर मला कोणाची पपई नको आहे. शिवाय वेळही आहे. दुकान काल आणि आज बंद ठेवलंय, कारण दोन दिवस इस्त्री उचलायची नाही असं सांगितलंय, आणि इस्त्री उचलायची नसेल तर शिंपिणीने करायचं काय? कागदाचं म्हणशील तर कापणीच्या टेबलावर खाकी कागदच हाताशी होता. मागच्या बाजूला कोणाच्या तरी कोटाची बाही आखलेली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तर विषय असा, की मला डाव्या बाजूला गाठ लागली. छातीत. आंघोळीला साबण लावताना. लिहिलं बघ एकदाचं. चौतीस वर्षं मी बायकांच्या छातीची मापं घेतेय, दिवसातून दहा वेळा दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात छत्तीस, चाळीस म्हणून ओरडते, आणि कोणी अंग चोरलं की म्हणते, बाई, लाजायचं असेल तर पडद्याला माप द्या, मला नको. (हे वाक्य तुझं आहे. मी आता माझं म्हणून वापरते.) पण हॉस्पिटलात फोन लावला, तिकडच्या बाईने तक्रार काय आहे म्हणून विचारलं, आणि समोर बँकेतली ती उंच बाई अंगभर टाचण्या लावून उभी होती, तेव्हा माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला तो 'खांदा'.

त्यामुळे मला हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मी गेलेही. वेळ दिलेली, कशी मोडायची? त्या भल्या गृहस्थाने पंधरा मिनिटं माझा हात रहाटासारखा फिरवला, भिंतीवर बोटं चालवायला लावली, आणि चौतीस वर्षं कात्री चालवणाऱ्या बाईचा खांदा जसा असायला हवा तसाच तुमचा आहे, म्हणजे वाईट, असं सांगून व्यायामाचा कागद दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे. कागद घेऊन मी उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, आणि मग कडीकडे बघूनच म्हटलं की डॉक्टर, दुसरंही एक आहे. काय आणि कुठे ते सांगितल्यावर बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजले. पण माणूस कामाचा. तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली, तिच्यावर लाल शाईने 'लवकर' लिहिलं, आणि स्वतः उठून समोरच्या विभागात देऊन आले. इतक्या दिवसांत जे मला जमलं नाही ते त्यांनी पाच मिनिटांत केलं. खांद्याचे व्यायाम मी अजून करते. त्यांना वाईट वाटायला नको.

मग हॉस्पिटलचं पत्र आलं. वेळ गुरुवार, म्हणजे काल, सकाळी दहा, दिवसभर लागू शकेल. कपडे वर-खाली वेगळे असावेत, वरचा पुढून उघडणारा असावा. पावडर लावू नये, घामाच्या वासाचं काही फवारू नये. चालू असलेल्या औषधांची यादी आणावी. बरोबर कोणीतरी आणावं. यातल्या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येते, आधी पावडर. मी पावडरच्या डब्याला हातही लावला नाही. पण मला वाटलं, एवढी मोठी डॉक्टर मंडळी, एवढ्या बायका रांगेत, कुठे शोधत बसतील? आपण खूण नसलेल्या कापडाला कधी कात्री लावली आहे का? म्हणून सकाळी आरशासमोर उभी राहून मी आपल्या शिवणाच्या पांढऱ्या खडूने गाठीभोवती छान गोल काढला. मध्ये फुली मारली. आणि बाजूला, कोणाचा गोंधळ नको म्हणून, मापही लिहिलं. पाऊण इंच बाय अर्धा.

आता शेवटची ओळ. बरोबर कोणीतरी. वहिनी, मी या ओळीवर आठवडाभर काढला. शेजारचा घड्याळवाला आला असता, भला माणूस आहे, पण त्याला किती वाजले विचारलं तरी तो आधी घड्याळ उघडून दाखवतो. त्याला हे काय आणि कसं सांगू? बँकवाली आली असती. पण तिचं माझं नातं असं की तिच्या कमरेची गुपितं माझ्याकडे आणि माझं काहीच तिच्याकडे नाही. एकदा माझं हे तिला कळलं, की मग तिचा कोट घट्ट होतोय तो धुतल्यामुळे नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मग राहिलं कोण? मंगळवारी मी तुला फोन केला होता. आठव. मागे नातू रडत होता, दुधाचं काहीतरी चाललं होतं, आणि तू म्हणालीस, 'बोल गं, पटकन बोल.' तेव्हा मी तुला विचारलं की तुमच्याकडे जाड पांढरं अस्तर मिळतं का. तू म्हणालीस बघून सांगते. अजून सांगितलेलं नाहीस, पण घाई नाही, मला अस्तर नकोच होतं.

तर मी एकटी गेले. गुन्हा नाही. पण तिथे दारातच एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी नाव, वय, पत्ता विचारला, आणि मग मान वर न करता विचारलं, बरोबर कोण? माझ्या मागे दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या शेजारी कोणी ना कोणी. एकीबरोबर तर चौघं होती, आणि डबा. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, वहिनी. आलीये, गाडी लावतेय.

(हो, तू. जिला सायकलवर बसवलं तर सायकल पडायची, ती.)

त्या बाईंनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण एक खोटं बोललं की त्याला अस्तर लावावं लागतं, अस्तराला पट्टी लावावी लागते, आणि शेवटी मूळ कापड कुठे गेलं ते सापडत नाही. अर्ध्या तासाने लाल चष्म्याची एक नर्स आली आणि म्हणाली, वहिनी आल्या का? मी म्हटलं, जागा शोधतेय. तासाभराने परत तीच. तेव्हा मी तुला कँटीनमध्ये पाठवलं, कारण तुला वेळेवर खावं लागतं. (तुला मी मधुमेह दिलाय. माफ कर, सौम्य आहे.) बारा वाजता तू औषधाच्या दुकानात होतीस. माझी वहिनी काल जेवढी हिंडली तेवढी ती उभ्या आयुष्यात हिंडली नसेल, आणि तेही असल्या गुडघ्यांनी.

दरम्यान मला गाऊन घालायला दिला. वहिनी, त्या गाऊनबद्दल मी वेगळं पत्र लिहू शकेन. सगळ्यांना होईल असा कपडा कोणालाच होत नाही, हे माहीत नसलेल्या माणसाने तो बेतलेला. बाही बसते त्या मुंढ्याचा पत्ता नाही, गळा एकीकडे. शिवण बघून मी ठरवलं की याची उघडी बाजू पाठीमागे असणार आणि तसा घातला. नर्स म्हणाली, उलटा घातलाय, पुढे उघडा यायला हवा. मी तिला गळ्याची पट्टी दाखवून सिद्ध केलं की शिवणाऱ्याचा हेतू पाठीमागेच होता. तिने शांतपणे सांगितलं की शिवणाऱ्याचा हेतू काहीही असो, डॉक्टरांना काम पुढे आहे. बरं, बदलला. तर त्याचा एक बंद तुटलेला. माझ्या शेजारच्या शिक्षिकेचे दोन्ही बंद तुटलेले. ती एका हाताने गाऊन धरून दुसऱ्या हाताने पेपर तपासत होती, आणि रागाने की भीतीने माहीत नाही, पोरांना भराभर नापास करत होती. आता सुई-दोरा माझ्या पर्समध्ये असतोच. मी आधी माझा बंद लावला, मग तिचे दोन, मग समोरच्या आजींचा. तोवर माझा नंबर पुकारून होऊन गेला होता. लाल चष्मा रागावून शोधत आली, सगळा प्रकार बघितला, आणि कपाटातून आणखी सहा गाऊन आणून माझ्या मांडीवर ठेवले. खरं सांगू, कालच्या दिवसातला तेवढाच तास बरा गेला. हात चालू असले की मला कशाची भीती वाटत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात मात्र अनुभवी. पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, घरात कोणाला असं काही होतं का, मुलं किती, सगळं विचारलं. मी म्हटलं, एक भाचा. त्या म्हणाल्या, भाचा धरत नाहीत. मग त्यांनी तपासलं, आणि तुला सांगते, बाई कामाला पक्की. आधी बसवून, हात कमरेवर, मग डोक्यावर, मग आडवं करून, गाठीच्या बाजूला आणि दुसऱ्या बाजूलाही, काखेत, गळ्याखाली. आपण पहिल्या फिटिंगला जसं सगळीकडून चाचपतो तसं. माझा खडूचा गोल बघून त्या थबकल्या. मी खुलासा केला. त्या हसल्या, आणि मग पट्टी घेऊन त्यांनी मोजलं. दोन सेंटीमीटरला दोराभर कमी. म्हणजे पाऊण इंच, तंतोतंत! अशा जागी आणि अशा वेळी माणसाला अभिमान वाटू नये, पण मला वाटला.

तो फार टिकला नाही. पुढचं दालन फोटोचं. तिथे एक यंत्र असतं, दोन पाट्या असलेलं. त्यात एकेक बाजू ठेवायची आणि वरची पाटी खाली येते. कॉलर इस्त्रीखाली धरल्यावर कॉलरला काय वाटत असेल ते मला आता माहीत आहे. दुखतं, पण 'आई गं' म्हणून होईपर्यंत सोडतात. चार फोटो झाले. फोटोवाली आत जाऊन बघून आली आणि म्हणाली, पावडर लावलीये का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. ती परत गेली, परत आली, आणि म्हणाली की फोटोत पांढरे ठिपके दिसतायत, आणि असे ठिपके आम्हाला फार जपून बघावे लागतात. ठिपके! किती? कुठे? तर म्हणे, गोलात. मध्ये फुलीसारखे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, वहिनी. त्या पोरीने ओल्या कापसाने माझी चौतीस वर्षांची विद्या पुसून काढली आणि चारही फोटो पुन्हा घेतले. कॉलर दोनदा इस्त्री झाली.

मग अंधाऱ्या खोलीत आडवं केलं. थंडगार चिकट काहीतरी लावून वरून एक यंत्र फिरवतात आणि पडद्यावर बघतात. इथे दुखत नाही. डॉक्टरीणबाई इथेही त्याच होत्या. आधी माझ्याशी गप्पा मारत होत्या, शिवायला किती दिवस लागतात, खिसे लावता का, असं. मग यंत्र एका जागी थांबलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. वहिनी, ते गप्प होणं मला ओळखीचं आहे. गिऱ्हाइकाचं कापड पसरावं, माप लावावं आणि लक्षात यावं की हे कमी भरतंय, तेव्हा मी अगदी अशीच गप्प होते. गिऱ्हाईक समोर हसत उभं असतं. मी आधी दुसऱ्या बाजूने मोजते, मग तिसऱ्या, आणि मग तोंड उघडते. त्या अंधारात मी गिऱ्हाईक होते. मला तेव्हा तू हवी होतीस.

त्या म्हणाल्या की बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ही कोणती ते मी नुसतं बघून सांगणार नाही, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू. आजच. त्याआधी तुमच्या माणसाला बोलवून घेऊ, म्हणजे त्यांनाही समजावून सांगता येईल. मी तोंड उघडेपर्यंत नर्स गेलीसुद्धा. आणि मग भोंग्यातून आवाज आला. सगळ्या हॉस्पिटलात, मजल्या-मजल्यावर. रुग्णासोबत आलेल्या वहिनींनी, जिथे असतील तिथून, स्तन तपासणी विभागात यावं. एकदा. दोनदा. मी टेबलावर गाऊन धरून पडलेले. तिसऱ्यांदा, वहिनी कृपया लवकर यावं. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण काय सांगू, तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी दाराकडे बघितलं. तू दारातून येणार नाहीस हे जगात फक्त मला एकटीला माहीत होतं, आणि मीच बघत होते.

दार उघडलं आणि लाल चष्मा आत आली. मी म्हटलं, ती आलेली नाही. कोणीच आलेलं नाही. नर्स हात धुवत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, मला माहीत होतं, आमच्या गाड्यांच्या जागेत सहा महिने खोदकाम चालू आहे, तिथे कोणाची गाडी लागत नाही. मग टॉवेलने हात पुसत म्हणाली, 'ताई, वाईट वाटून घेऊ नका. इथे रोज कोणाचं ना कोणाचं माणूस गाडी लावत असतं.' आणि माझा उजवा हात धरून उभी राहिली. आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते चावतं. मग सुई, तिचा खटकन आवाज होतो. आवाज होईल हे आधी सांगतात, तरी माणूस दचकतोच. असं चार वेळा. डावीकडे आता पट्टी आहे आणि तिच्याखाली जांभळा डाग, तुझ्या लग्नात मी शिवलेल्या त्या कोटाच्या रंगाचा, जो तुला कधीच आवडला नव्हता आणि तू कधीच बोलली नाहीस.

चार वाजता मी घरी आले. दुकानावर पाटी उलटी होती. घड्याळवाल्याने काय झालं विचारलं, मी म्हटलं खांदा. आत येऊन चहा केला, आणि वहिनी, सवयीने दोन कप काढले. चार वर्षं झाली, हात अजून चुकतो. तू बसून बटणांचे काज करायचीस ते स्टूल अजून खिडकीशीच आहे. त्यावर मी कपड्यांचा ढीग ठेवते, म्हणजे ते रिकामं दिसत नाही.

दादा गेल्यावर तू मला म्हणाली होतीस, चल माझ्याबरोबर, एकटी काय करशील? आणि मी, कात्रीला कमी आणि जिभेला जास्त धार असलेली बाई, तुला म्हटलं की एकटी कसली, मी पहिल्यापासून एकटीच होते, तुम्ही लोकांनीच मधे तीस वर्षं गर्दी केलीत. तू पेटीला कुलूप लावलंस. ते वाक्य मी रोज उसवते आणि ते पुन्हा जसंच्या तसं शिवलं जातं. ते खोटं होतं, वहिनी. मला गर्दी हवी होती. आजही हवी आहे.

असो. निकाल पुढच्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला. मी ठणठणीत आहे, काळजीचं कारण नाही. तुझे गुडघे, नातू, सूनबाईंची नोकरी हे सगळं मला समजतं, तेव्हा तू यायची अजिबात गरज नाही. हे पत्र फक्त खुशाली कळावी म्हणून. सर्वांना यथायोग्य सांगावं, आणि पत्र वाचून झालं की ओट्यावर उभं करून ठेवू नये.

तुझीच, आगाऊ आणि एकुलती,
नणंद

ता. क. मागची बाही कोणाची तरी म्हटलं, पण ती तुझीच आहे. तिकडे थंडी असते म्हणालीस, म्हणून तुझ्या जुन्या मापावर कोट बेतायला घेतला. चार वर्षांत दंड वाढला असेल तर माप लागेल. माप फोनवर देऊ नकोस, तुला टेप धरता येत नाही. ते समोर उभं राहूनच घ्यावं लागेल.

ता. क. २. हॉस्पिटलातून तुला फोन आला तर घाबरू नकोस. फॉर्मवर जवळच्या माणसाचा नंबर म्हणून मी तुझा दिलाय. शेजारी नातं लिहायचं होतं. वहिनी लिहिलं तर त्या टेबलवाल्या बाई म्हणाल्या, रक्ताचं कोणी? मी म्हटलं, हेच लिहा. तुला आधी विचारायला हवं होतं.

ता. क. ३. वर मी गाठ लागली एवढंच लिहिलं, कधी ते लिहिलं नाही. तुला वाटलं असेल मागच्या महिन्यात. आपल्या मापाच्या वहीत मी शेवटचं पान माझ्यासाठी ठेवलं होतं. दर रविवारी मोजायची आणि तारीख घालून लिहायची. पहिली नोंद पाच महिन्यांपूर्वीची आहे. तेव्हा अर्धा इंच होती. डॉक्टरीणबाईंना मी ती वही दाखवली, त्या रागावल्या नाहीत, फक्त तारखा उतरून घेतल्या. तू रागावशील, आणि तुझा तो हक्क आहे, पण समोर येऊन रागाव.

ता. क. ४. गुरुवारी घालायला मी निळा ब्लाउज काढून ठेवलाय. तू असताना शिवलेला, पाठीमागे सात हूक असलेला. तू गेल्यापासून मी माझे सगळे हूक पुढे घेतले, तेवढा एक तसाच ठेवला होता. पुढून उघडणारं घाला असं हॉस्पिटलने लिहिलंय, मला वाचता येतं. खालचे दोन हूक माझे मला लागतात. वरचे पाच लागत नाहीत. घरातून साडेनऊला निघावं लागेल. तुमच्याकडून बुधवारी निघणारी बस संध्याकाळी सहाला पोचते, असं मी सहज विचारून ठेवलंय. बसनेच ये. तिथे गाडी लावायला जागा नाही.